केबलमधली विसरलेली जागा

समाक्ष म्हणजे कोअ‍ॅक्सियल केबलची वर्गातली नेहमीची ओळख अशी: मध्ये तांब्याची तार, तिच्यातून संकेत जातो, भोवती विद्युतरोधक प्लॅस्टिक, त्यावर संरक्षक जाळी. या ओळखीने मुलांपुढे नळातून वाहणाऱ्या पाण्याचे चित्र उभे राहते, आणि ते फसवे आहे.

पडताळा घ्यायला प्रयोगशाळा नको. इस्लापूरसारख्या गावात छतावरच्या टीव्हीच्या तबकडीपासून घरात येणाऱ्या केबलचा टाकाऊ तुकडा सहज मिळेल. मधल्या तारेला लोहचुंबक लावा. पुष्कळदा ती चिकटते, कारण आत पोलाद असते आणि वर तांब्याचा पातळ थर. मुले म्हणतील, ‘सर, हे तर खोटं तांबं!’ नळाचे चित्र खरे असते तर तक्रार रास्त ठरली असती. परंतु १००० मेगाहर्ट्‌झला प्रवाह मुख्यतः पृष्ठभागालगतच्या काही मायक्रोमीटर थरात राहतो. आतले पोलाद त्याला जवळजवळ लागतच नाही. ऊर्जा जाते ती तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून. जाळी हे नुसते कवच नाही, ती दुसरी वाहक आहे.

म्हणून केबलची सुधारणा पुष्कळशी या मधल्या जागेतच झाली. आर.जी. ६ जातीच्या केबलमध्ये फोमचा व्यास सु. ४.६ मि.मी. आणि तारेचा सु. १ मि.मी. भरतो, मुलांकडून व्हर्निअरने मोजून घ्यावे. फोमऐवजी भरीव पॉलिथिन असते, तर तेवढ्याच जाडीत ७५ ओहम संरोध राखण्यासाठी तार सु. ०.७ मि.मी. इतकी बारीक करावी लागली असती. तार जाड झाली की तिचा पृष्ठभाग वाढतो आणि ऱ्हास कमी होतो.

तरीही १००० मेगाहर्ट्‌झला १०० मीटरमागे सु. २० डेसिबेल घट होतेच; म्हणजे शंभरातला एक भाग पोचतो. म्हणून तबकडीच्या तोंडाशीच प्रवर्धक असतो. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीतही ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांच्या नाभीशी प्रवर्धक आहेत आणि केंद्रापर्यंतचा लांबचा प्रवास प्रकाशतंतूंवर सोपवला आहे.

‘शुद्ध तांबेच घ्या’ या सल्ल्यात मात्र थोडे तथ्य आहे. त्या प्रवर्धकाला लागणारा १३ किंवा १८ व्होल्टचा दिष्ट पुरवठा याच केबलमधून जातो आणि तो तारेचा संपूर्ण छेद वापरतो. केबल लांब असेल तर तेथे पोलादाचा रोध जाणवतो.

पण पावसाळ्यात चित्र बिघडले की आपण महाग तांब्याची नवी केबल आणतो आणि उघडा जोड तसाच ठेवतो. पॉलिथिनचा परावैद्युतांक सु. २.३, पाण्याचा सु. ८०. फोममध्ये पाणी शिरले किंवा खिळ्याने केबल चेपली, की संरोध बदलतो आणि संकेत परत फिरतो. पाठात एक वाक्य वाढवले तरी पुरे: संकेत मधल्या जागेतून जातो, ती जपा.