९२ विरुद्ध ८३. पण तुलना कोणाशी?

पेपर हातात आला की आपण थेट निकालाच्या आकड्याकडे धावतो. आज जरा थांबत वाचू या.

पेपर आहे अमेरिका-कॅनडातल्या ‘एस १८२६’ ट्रायलचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. हॉजकिन लिम्फोमा, स्टेज तीन-चार, वय १२ पासून पुढे, रुग्ण जवळजवळ हजार. दोन्ही गटांना एव्हीडी ही केमोथेरपी. एका गटाला सोबत निव्होलुमॅब, दुसऱ्याला ब्रेंटुक्सिमॅब.

कल्पना सुंदर आहे. या आजाराच्या पेशींवर पीडी-एल१ भरपूर असतं, त्यामुळे टी-पेशींना ब्रेक लागतो. निव्होलुमॅब तो ब्रेक काढतं. दोन वर्षांनंतर आजार न वाढता जगणारे ९२ टक्के, दुसऱ्या गटात ८३. नसांचा त्रासही कमी, आणि रेडिओथेरपी लागली ती एक टक्क्याहून कमी रुग्णांना. लहान मुलं आणि मोठी माणसं एकाच ट्रायलमध्ये घेतली, याचं तर कौतुकच.

मग अडचण कुठे? पहिली, तुलनेची. समोर ब्रेंटुक्सिमॅब-एव्हीडी होतं. आपल्याकडे अनेक ठिकाणी आजही एबीव्हीडी देतात, आणि त्याच्याशी या ट्रायलमध्ये थेट सामना झालेलाच नाही. दुसऱ्या ट्रायलचा आकडा शेजारी ठेवून फरक काढू नका. रुग्ण वेगळे, वयाच्या अटी वेगळ्या.

दुसरी, वेळेची. ठरलेल्या अंतरिम विश्लेषणातच फरक स्पष्ट दिसल्याने निकाल लवकर जाहीर झाला. पाठपुरावा साधारण दोन वर्षांचा. ‘आजार न वाढणं’ आणि ‘जास्त जगणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातले बरेच रुग्ण तरुण. त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षं आहेत. थायरॉइड मंदावण्यासारखे त्रास निव्होलुमॅबच्या गटात जास्त दिसले. ते पुढे किती टिकतात, हे दोन वर्षांत कळत नाही.

तिसरी, खिशाची. सहा सायकलमध्ये निव्होलुमॅबचे १२ डोस. इथल्या कुटुंबासाठी ही तळटीप नसते, निर्णय तिथेच अडतो.

म्हणजे ट्रायल कमकुवत आहे का? अजिबात नाही. पण प्रपोजलमध्ये ‘हाच आता सर्वोत्तम उपचार’ असं एका ओळीत लिहून मोकळे होऊ नका. कोणापेक्षा सरस, किती काळापर्यंत आणि कोणत्या रुग्णांत, हे तीन शब्दप्रयोग त्या वाक्यात बसवा. मुलाखतीत गाईड नेमकं तिथेच बोट ठेवतात. आणि उद्या तुमचं वाक्य वाचून कोणीतरी उपचार ठरवणार असतं, हे विसरू नका.