‘निवडक’ या विशेषणाची परीक्षा

मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्या बालकांचे पाय ताठरतात, त्यांच्यावर करावयाची एक शस्त्रक्रिया ‘निवडक पश्चमूलच्छेदन’ या नावाने रूढ झाली आहे. मज्जारज्जूकडे संवेदना नेणारी पश्च मुळे कमरेच्या भागात उघडी करावयाची, त्यांचे बारीक धागे सुटे करावयाचे आणि त्यांतील काही कायमचे कापावयाचे, असे तिचे स्वरूप होय. तिच्या प्रतिष्ठेचा मोठा भाग ‘निवडक’ या विशेषणावर उभा आहे. म्हणून ते तपासून घेणे अगत्याचे वाटते.

१८९८ मध्ये शेरिंग्टनने दाखविले की, मेंदूचा वरचा भाग तोडलेल्या मांजराचे ताठ झालेले अवयव पश्च मुळे कापताच शिथिल होतात. ब्रेस्लाऊच्या फोर्स्टरने १९०८ मध्ये हेच तत्त्व मनुष्यावरील उपचारात आणले; परंतु तो संपूर्ण मुळे कापीत असे आणि त्यामुळे संवेदनेची हानी होई. पुढे माँपेल्ये येथे ग्रोसने प्रत्येक मुळाचा काही अंशच कापण्याची रीत घातली. येथवर ‘निवडक’ म्हणजे केवळ ‘आंशिक’. खरा अर्थपालट १९७० नंतरच्या दशकात तुरीन येथे झाला. फासानोने प्रत्येक धाग्याला विद्युत्-उद्दीपन देऊन, ज्याची प्रतिक्रिया लांबते वा इतर स्नायूंत पसरते तो ‘विकृत’ ठरविला. केपटाउनच्या पीकॉकने शस्त्रक्रिया खाली, अश्वपुच्छाच्या जागी आणली. तेथे मुळांची ओळख पटविणे व मूत्राशयाशी संबंधित मुळे वाचविणे सुकर झाले.

आता मूळ आक्षेप. या व्याधीत इजा मेंदूला झालेली असते, मुळांना नव्हे. वरून येणारा निरोध उणावल्यामुळे मज्जारज्जूतील प्रतिक्षेप अनावर होतात. आत येणारे धागे बिचारे निरोगीच असतात. मग ‘विकृत धागा’ ही वस्तू की अलंकारिक भाषा? उद्दीपनाने मज्जारज्जूच्या त्या खंडाची अवस्था कळते, असा बचाव करता येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ताठरपणा नसलेल्या रुग्णांतही तशाच प्रतिक्रिया आढळल्या आहेत, आणि एकाच धाग्याची प्रतिक्रिया पुनरुद्दीपनात नेहमी तशीच येते असेही नाही. उद्दीपनाने प्रेरक मुळे आणि संवेदी मुळे वेगळी ओळखता येतात, हा त्याचा निःसंशय लाभ. मात्र तो संरक्षणाचा लाभ आहे, निवडीचा नव्हे.

व्हँकुव्हर, टोरांटो व सिॲटल येथील तीन यादृच्छिक चाचण्या १९९७-९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्या दोहोंत फिजिओथेरपीहून अधिक लाभ दिसला. सिॲटलच्या चाचणीत दोन वर्षांनंतरही हालचालींत फरक आढळला नाही. २००२ मध्ये या तिन्ही चाचण्यांतील ९० मुलांची आकडेवारी एकत्र केली असता, शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे चार गुणांचा फायदा निघाला, आणि जितका अधिक भाग कापला तितकी सुधारणा अधिक, असाही संबंध दिसला. फायदा जर प्रमाणावर अवलंबून असेल, तर निवडीच्या पदरी काय उरते, हे निवडीच्या पुरस्कर्त्यांनीच सिद्ध करावयास हवे.

इंग्लंडमध्ये १३७ मुलांच्या पाहणीनंतर २०१८ मध्ये ही शस्त्रक्रिया सार्वजनिक सेवेत नियमितपणे देण्याचे ठरले. तेथील मुलांची प्रगती वर्षाला सरासरी ३.२ गुणांची होती. तुलनेचा गट मात्र नव्हता. वाढत्या वयाच्या मुलांविषयी बोलताना ही उणीव किरकोळ मानता येत नाही. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पाहणी तर अधिक विचारात पाडणारी आहे. दहा वर्षांनंतरही तेथे ताठरपणा कमीच राहिला, परंतु सांध्यांचे आखडणे थांबले नाही. ताठरपणा गेला की आखडणे टळेल, हे गृहीतक त्यामुळे डळमळते.

शस्त्रक्रिया टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. आधाराने चालणाऱ्या, पायांत पुरेसे बळ असणाऱ्या मुलाला ती उपकारक ठरू शकते. ज्याचा ताठरपणा हाच उभे राहण्याचा टेकू आहे, त्याला अपकारकही. म्हणजे निवड होते ती धाग्यांची नसून मुलांची. आपल्याकडे ‘निवडणे’ म्हटले की सुपातल्या तांदळातून खडा वेचणे डोळ्यांपुढे येते. संमतिपत्रावर सही करणाऱ्या आईला डॉक्टर नेमके वाईट तेवढेच काढून टाकतील असे वाटावे, हे स्वाभाविक आहे. कापलेला धागा पुन्हा जोडता येत नाही. आपल्या परिभाषेत ‘आंशिक पश्चमूलच्छेदन’ हा शब्द घ्यावा, असे मी सुचवितो.