'कामाचा हात' : पॅरिस कराराच्या परिभाषेचे परीक्षण

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबुर्ग या सहा राष्ट्रांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे ज्या लेखावर स्वाक्षऱ्या केल्या, त्याचा विचार मुख्यतः अर्थशास्त्र आणि राजनीती यांच्या अंगाने झाला आहे. तथापि युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाला जन्म देणारा हा लेख शब्दरचना म्हणूनही परीक्षणीय आहे. त्यातील शब्दांनी काय दिले आणि काय राखून ठेवले, हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही.

मराठीत युद्धाअंती होतो तो 'तह' आणि व्यवहारासाठी होतो तो 'करार'. पॅरिसच्या लेखाचे उद्दिष्ट तहाचे, परंतु भाषा कराराची आहे. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन यांनी ९ मे १९५० च्या निवेदनात फ्रान्स व जर्मनी यांच्यातील युद्ध वस्तुतः अशक्य करण्याचा मनोदय प्रकट केला होता. त्यासाठी सुचविलेला उपाय मात्र कोळसा व पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक अधिकाराखाली आणण्याचा होता. तोफा ज्यापासून ओतल्या जातात ते द्रव्यच सामाईक करावे, ही कल्पना मर्मग्राही होती यात संशय नाही.

लेखाचा प्रमाणभूत पाठ केवळ फ्रेंच भाषेतील होता. त्याच्या ९ व्या कलमात 'उच्च प्राधिकरणा'च्या सदस्यांच्या कार्यास 'अधिराष्ट्रीय' असे विशेषण योजिलेले होते. 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील. 'अधिराष्ट्रीय' म्हणजे राष्ट्रांच्या वरचे. या 'वर'ची कसोटी लवकरच लागली. १९५८ पासून कोळशाचे साठे न खपता पडून राहू लागले, तेव्हा प्राधिकरणाने 'उघड संकट' जाहीर करून उत्पादनावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. १९५९ मध्ये मंत्रिपरिषदेने त्यास संमती नाकारली. पुढे १९६५ मध्ये झालेल्या आणि १९६७ मध्ये अमलात आलेल्या विलीनीकरण कराराने ते कलमच रद्द केले. अर्थ आधीच क्षीण झाला होता. शब्द मागाहून गेला.

याहून गंभीर प्रश्न श्रमविषयक कलमांचा आहे. ४ थे कलम मालावरील जकाती व परिमाणविषयक निर्बंध यांना निःसंदिग्ध शब्दांत मनाई करते. ६९ व्या कलमातील कामगारांच्या संचारास मात्र अटी जडलेल्या आहेत : कोळसा वा पोलाद व्यवसायातील त्याची पात्रता सिद्ध झालेली असावी, आणि आरोग्य व सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या मर्यादा पाळल्या जाव्यात. ज्या प्रकरणात हे कलम येते त्याच्या शीर्षकात मनुष्यबळासाठी जो फ्रेंच शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'कामाचा हात' असा होतो. 'हात कमी पडतात' असे मराठीतही म्हणतात. परंतु बोलीतील लक्षणा कायद्याच्या शीर्षकात स्थिरावली की हाताबरोबर येणारा माणूस दृष्टीआड होण्याचा संभव असतो.

तो संभव काल्पनिक नव्हता. २३ जून १९४६ च्या करारान्वये इटलीने बेल्जियमच्या खाणींसाठी ५०,००० कामगार पाठविण्याचे मान्य केले आणि मोबदल्यात इटलीला कोळसा मिळावयाचा होता. यांपैकी अनेकांना खाणकामाचा पूर्वानुभव नव्हता. म्हणजे 'सिद्ध पात्रते'च्या व्याख्येत ते बसतच नव्हते. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील ब्वा द्यु काझिए खाणीत ९७५ मीटर खोलीवर एक डबा पाळण्यात नीट न बसता बाहेर डोकावत राहिला. वरची व खालची माणसे यांच्यात संकेतांबाबत गैरसमज झाला, पाळणा हलला, विजेच्या तारा व तेलाची नळी तुटली आणि आग भडकली. २६२ जण मृत्युमुखी पडले; त्यांत १३६ इटालियन होते. ६९ व्या कलमाची अंमलबजावणी सुरू झाली ती त्यानंतर, १९५७ मध्ये.

लेखाची दुसरी बाजू सांगणे न्याय्य होईल. बेकार होणाऱ्या कामगारांच्या पुनःप्रशिक्षणास साहाय्य देण्याची तरतूद ५६ व्या कलमात होती. सल्लागार समितीत कामगारांना उत्पादकांइतकेच प्रतिनिधित्व होते. आणि मार्सिनेलनंतर खाणसुरक्षेसाठी स्थायी मंडळ स्थापन झाले. परंतु वेतननिश्चितीच्या पद्धती ६८ व्या कलमाने त्या त्या राष्ट्राकडेच ठेवल्या होत्या, आणि सुरक्षेचे मंडळ आले ते दुर्घटनेनंतर.

पन्नास वर्षांची मुदत संपून हा करार २३ जुलै २००२ रोजी समाप्त झाला. त्याने युद्ध टाळण्यास हातभार लावला, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मात्र अशा कोणत्याही लेखाचे परीक्षण करताना त्यातील क्रियापदे मालासाठी निरपवाद आणि माणसांसाठी सशर्त आहेत काय, हे पाहणे अभ्यासकास टाळता येणार नाही.