ग्रंथालयाला प्रश्न कोणी विचारायचा?

मंडळी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं मूल्यमापन हा विषय राळेगावात बोलायला घेतला म्हणजे कुणालाही वाटेल, हा प्राध्यापकांचा आतला मामला आहे. पण ज्यांची मुलं एसटीनं येऊन इथं शिकतात, त्यांचाही तो आहेच.

‘नॅक’ स्थापन झाली १९९४ साली. तिच्या २०१७ नंतरच्या चौकटीत ग्रंथालयाबद्दल काय विचारलं जायचं? संगणकीकरण झालं का, ई-नियतकालिकं घेता का, वर्षाला खर्च किती, आणि रोज किती टक्के विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात. आता हा शेवटचा आकडा बऱ्याच ठिकाणी नोंदवहीतल्या सह्यांवरून निघतो. पोलीस भरतीचा अभ्यास करणारा मुलगा स्वतःचं गाईड घेऊन पंख्याखाली बसतो, सही करतो. तोही ‘वापर’च. त्याला बसायला जागा मिळते हे चांगलंच आहे. पण ग्रंथालयातल्या पुस्तकानं कुणाचं काय झालं, ते त्या सहीत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेनं यावर २०१९ मध्ये ‘प्रोजेक्ट आउटकम’ नावाच्या प्रश्नावल्या आणल्या. स्वयंसेवी काम करणाऱ्या ग्रंथपालांनी त्या घडवल्या. त्या वाचकालाच विचारतात: ज्ञान वाढलं का? आत्मविश्वास वाढला का? शिकलेलं वापराल का? ग्रंथालयात काय काय आहे ते कळलं का? सह्या मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कबूल.

पण माझी अडचण त्या आत्मविश्वासापाशी आहे. सॉक्रेटिसशी बोलून माणसं खात्री घेऊन परतत नसत, गोंधळून परतत. गाईड बाजूला ठेवून बाबासाहेबांचं १९३६ चं जातिसंस्थेवरचं न झालेलं भाषण मुळातून वाचणाऱ्या मुलाचंही तेच होतं. आजवर जे पक्कं वाटत होतं ते हलायला लागतं. नेमका त्याच दिवशी त्याच्यापुढे फॉर्म ठेवा, तो ‘असहमत’वर खूण करील! आणि ग्रंथालय नापास होईल, खरं म्हणजे त्याच दिवशी ते पास झालेलं असतं.

हे सांगायचं कुणी? सल्लागार समितीनं. आपल्याकडे ती असते; प्राचार्य अध्यक्ष, ग्रंथपाल सचिव, विभागप्रमुख सदस्य. मी अशा एका समितीवर होतो. दोन वर्षांत आम्ही एकदा बसलो, इतिवृत्तं मात्र चार झाली. सह्या सगळ्यांनी केल्या, मीही केली. विद्यार्थी प्रतिनिधी कागदावर होता. आणि समजा खरोखर बोलावलं असतं, तरी स्वयंसेवेच्या कामाला ज्याच्याजवळ वेळ आहे तोच येणार ना? चारच्या गाडीनं गावी परतणारी मुलगी कशी येईल?

रंगनाथनांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलंय: वाचकाचा वेळ वाचवा. काउंटरवर उभं राहून, पुस्तक न घेताच गाडी पकडायला धावणाऱ्या त्या मुलीला विचारण्यासारखा प्रश्न अगदी साधा आहे: मागितलेलं पुस्तक मिळालं का, आणि नाही मिळालं तर तू पुढे काय केलंस? आमच्या समितीत हा प्रश्न कधी निघाला नाही. आमची पुस्तकं शिपाई आधीच काढून टेबलावर ठेवत असे.