बुडख्यापासून वाचावा ऊस

पुणे-सोलापूर रस्त्याला हडपसर मागे पडले की इमारतींच्या फटींतून अजून ऊस दिसतो. मांजरी, लोणी काळभोर, थेऊर. बघणारा शेंड्याकडे बघतो आणि उंचीची तारीफ करतो. पण उंची हा लागणीचा दागिना. नांगरट, शेणखत, निवडक बेणे, या सगळ्यांचे पैसे टाकून ती मिळते. शेतकऱ्याचा हात ओळखायचा असेल तर तोडणी होऊन पंधरवडा-महिना झालेल्या, ओक्याबोक्या दिसणाऱ्या खोडव्यात, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, उतरावे.

आधी बुडखे बघा. तोडणीची टोळी घाईत असते. कोयता जमिनीपासून चार बोटे वर बसतो. त्या चार बोटांतल्या डोळ्यांतून फुटवे लवकर निघतात, हिरवेगार दिसतात आणि नवख्याला खूश करतात. त्यांची मुळे मात्र मातीपर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून ते पुढे मान टाकतात. जमिनीखालच्या डोळ्याचा कोंब उशिरा येतो, पण स्वतःच्या मुळांवर उभा राहतो. जाणकार टोळी गेल्यावर वेगळी माणसे लावतो आणि सगळे बुडखे जमिनीलगत छाटून घेतो. तोडलेलेच पुन्हा तोडायला मजुरी मोजायची, हे पटायला रसिकता लागते!

मग पाचट. काडी लावली की रान तासाभरात मोकळे होते, आणि हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल धूर होऊन जातो. कसलेल्या रानात तेच पाचट सरीत दाबून बसवलेले दिसेल. बारकावा पुढे आहे : बुडख्यांवरचे पाचट मात्र हाताने बाजूला सारलेले असते. बुडख्याला ऊन, सरीला सावली. उन्हाने कोंब सुटतात, सावलीत तण दबते आणि ओल टिकते. दोन हातांच्या अंतरात दोन हवामाने सांभाळलेली असतात.

सगळ्यात देखणे काम पहारीचे. पाचटावर खत फेकले तर युरियातला बराच नत्र हवेत उडतो आणि स्फुरद पडेल तिथेच बसतो. म्हणून वाफसा बघून पहारीने भोके घ्यायची : बुडख्यापासून चार-सहा इंचांवर, तितकीच खोल, दोन भोकांत फूटभर अंतर. खत सोडायचे आणि भोक मातीने बुजवायचे. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत. दुसरा सुमारे 135 दिवसांनी, आणि तो समोरच्या बाजूला. बाजू बदलण्यातली ही नजर बघा, बुडख्याच्या दोन्ही अंगांच्या मुळांना घास मिळतो. बांधणी नाही, बगला फोडणे नाही. बैलाने किंवा ट्रॅक्टरने करायचे काम इथे एक पहार करते.

हिशेबाच्या वहीत खोडव्याचे मोल कळते. खोडव्याच्या पानावर नांगरटीचा, बेण्याचा, लागणीच्या मजुरीचा रकाना कोरा असतो. दर तर शेतकऱ्याच्या हातात नाहीच. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये, वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उतारा धरतात तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी. एखाद्याने हँड रिफ्रॅक्टोमीटर लावून, बुडख्याच्या आणि शेंड्याच्या रसाची ब्रिक्स जुळल्यावरच ऊस तोडला, तरी त्याची गोडी शेजाऱ्याच्या कोवळ्या उसात मिसळून जाते. मला हा हिशेब नेहमीच अरसिक वाटत आला आहे. को 86032 हा वाण साखरेला सरस असूनही शेतकरी वजनदार 265 वाणाकडे का झुकतो, आणि कारखाने त्यावर नाक का मुरडतात, याचे उत्तर याच सरासरीत आहे. गोडीला वेगळा भाव नसेल तर कमाई वजनात आणि वाचवलेल्या खर्चात शोधावी लागते, म्हणजे खोडव्यात.

या सगळ्यावर ताण करणारी खुबी रानात दिसतच नाही, ती कारखान्याच्या नोंदवहीत असते. 15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, असे कृषी विद्यापीठाचे सांगणे. उशिराचे फुटवे थेट उन्हाळ्यात आणि खोडकिडीच्या तोंडी सापडतात. तोडणीची पाळी ठरते ती लागणीच्या नोंदीवरून. म्हणून मुरलेला ऊसकरी आडसाली ऊस जुलैत लावतो, नोंद लगेच करतो आणि पुढच्या वर्षी गाळप सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तोडणीची चिठ्ठी येईल असे बघतो. टिपरी सरीत दाबतानाच त्याने खोडव्याची तारीख धरलेली असते.