पाच व्होल्टांचे गृहीत

अर्डुइनोच्या व्होल्टेज मोजण्याच्या अधिकृत उदाहरणात वाचनाला ५.०/१०२३.० ने गुणले आहे. शाळांतल्या प्रकल्पांत ते जसेच्या तसे उतरते. आमचा आक्षेप त्या ५.० वर आहे.

उनो बोर्डावरचा अंकीय परिवर्तक म्हणजे तागडीच. एका पारड्यात अज्ञात व्होल्टेज, दुसऱ्यात निम्मी-निम्मी होत जाणारी वजने. आणि ही वजने पुरवठ्यावर ठरतात. यूएसबीतून ४.७५ व्होल्टच आले, तर वैजापूरच्या उन्हाळ्यातले ४० अंश एलएम३५ वरून ४२ दिसतात. (मोंढ्यात अशा हलक्या वजनांनी कांदा तोलला तर शेतकरी खूश, व्यापारी नव्हे!) वर दोन दशांश स्थळे छापायची, जेव्हा एक पायरीच सुमारे अर्ध्या अंशाची असते.

उपाय त्याच चिपमध्ये आहे. तिच्यातला सुमारे १.१ व्होल्टचा संदर्भ पुरवठ्याबरोबर फारसा हलत नाही. दर वेळी आधी तो मोजावा, त्यावरून खरा पुरवठा काढावा आणि ५.० च्या जागी घालावा. चिपगणिक हा संदर्भ १.० ते १.२ असू शकतो, म्हणून एकदा चांगल्या मल्टिमीटरशी ताडून घ्यावा. ली, हॉजेस आणि ग्रे यांनी तर १९८४ सालीच स्वतःची वजने स्वतः तपासणारा १५ बिटांचा परिवर्तक मांडला होता.

मुलांना आधी तोच सेल लॅपटॉपच्या आणि मग अडॅप्टरच्या पुरवठ्यावर मोजू द्यावा, असे आम्ही सुचवतो.