नजर आहे, परवानगी नाही

सोनीने ७ ऑगस्ट २०२४ रोजी एक छोटासा अडॅप्टर बाजारात आणला. किंमत ५९.९९ डॉलर, आणि काम एकच: प्लेस्टेशन व्हीआर२ हा हेडसेट पीसीला जोडणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५४९.९९ डॉलरला आलेला हा हेडसेट अधिकृतरीत्या तोवर फक्त प्लेस्टेशन ५ वर चालत होता. अडॅप्टरमुळे त्याला स्टीमवरच्या व्हीआर गेम्सचं दार उघडलं. पण अडॅप्टरच्या घोषणेतच सोनीने पीसीवर काय चालणार नाही याची यादीही दिली होती. एचडीआर नाही, हेडसेटचं कंपन नाही, नजरेचा माग नाही, ट्रिगरचा बदलता ताण नाही, आणि साध्या थरथरीपलीकडचा कंट्रोलरचा स्पर्श-प्रतिसादही नाही.

गॅजेटच्या परीक्षणात सहसा वस्तू काय करते हे पाहतात. इथे ती काय करत नाही, हे जास्त बोलकं आहे. कारण यादीतल्या कंपनासाठीची मोटर, नजर टिपणारे कॅमेरे, ट्रिगरमधली यंत्रणा हे सगळं तुम्ही विकत घेतलेल्या खोक्यात आहेच. पीसीला जोडल्यावर ते कुठे जात नाही. फक्त गप्प बसतं.

आधी जे चालतं त्याबद्दल. प्रत्येक डोळ्यासमोर २००० × २०४० पिक्सेलचा ओलेड पडदा आणि साधारण ११० अंशांचं दृश्य, हे पीसीवरही तसंच मिळतं. पीसीचे बरेच हेडसेट एलसीडी पडद्याचे असतात आणि त्यांच्यात अंधार राखाडी दिसतो. ओलेडमध्ये काळं ते काळंच. व्हॉल्व्हचा ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा २०२० मधला गेम प्लेस्टेशनवर कधी आलाच नाही. हातातल्या टॉर्चच्या उजेडात चाचपडत जायचे त्यातले प्रसंग या पडद्यावर खरोखर अंगावर येतात. कंट्रोलरवर बोट नुसतं टेकलं तरी ते ओळखलं जातं. उणिवा आहेत, पण त्या दोन्हीकडे सारख्याच: फ्रेनेल भिंगांमुळे नजर नेमकी मध्यभागी असेल तरच चित्र स्वच्छ दिसतं, आणि एकसलग रंगाच्या भागात बारीक रवाळपणा जाणवतो.

जोडणीचा प्रकार मात्र किचकट आहे. प्लेस्टेशनला एक यूएसबी-सी वायर लावली की काम झालं. चित्र, डेटा आणि वीज तिन्ही त्याच वायरीतून जातात. पीसीला अडॅप्टरसाठी वेगळा विजेचा प्लग लागतो, एक यूएसबी लागतं, आणि डिस्प्लेपोर्ट १.४ ची वायर लागते, जी खोक्यात येत नाही. कंट्रोलरसाठी ब्लूटूथ पीसीचं स्वतःचं हवं. ते कमकुवत असेल तर गेममधले हात थरथरायला लागतात. गेमिंग लॅपटॉपला बाहेर फक्त एचडीएमआय असेल तर विषयच संपला. यूएसबी-सी असलं तरी ते ग्राफिक्स कार्डाला थेट जोडलेलं आहे की नाही, हे खरेदीआधी तपासावं लागतं.

याचा दोष एकट्या सोनीला देता येत नाही. २०१८ मध्ये एनव्हिडिया, एएमडी, व्हॉल्व्ह, ऑक्युलस आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘व्हर्च्युअललिंक’ नावाचं मानक मांडलं होतं. कल्पना हीच: व्हीआरसाठी एकच यूएसबी-सी वायर. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २० मालिकेतल्या अनेक कार्डांवर तसं पोर्टही आलं. पण हेडसेट बनवणाऱ्यांनी ते उचललं नाही, पुढच्या मालिकेत ते गायब झालं आणि २०२० मध्ये मानकच गुंडाळलं गेलं. पीसीवाल्यांनी टाकून दिलेली ती कल्पना पुढे कन्सोलवर नांदली.

वायरीचा त्रास एकदाचा असतो. यादीतल्या ‘नजरेचा माग नाही’ या ओळीची किंमत मात्र रोज मोजावी लागते. आपला डोळा एका वेळी फार थोडा भाग तीक्ष्ण बघतो. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, साधारण तेवढाच. बाकीचं चित्र मेंदू निभावून नेतो. व्हीआर२ च्या आत डोळ्यांकडे रोखलेले इन्फ्रारेड कॅमेरे आहेत. ते बुबुळ कुठे वळलं ते टिपतात, आणि गेम तेवढाच भाग बारकाईने रंगवून बाकीचा ढोबळ ठेवतो. खेळणाऱ्याला फरक कळत नाही, पण ग्राफिक्स कार्डाचं ओझं बरंच हलकं होतं. प्लेस्टेशन ५ हे आजच्या महागड्या पीसीपुढे साधं यंत्र आहे. तरी ते एवढ्या पिक्सेलचे दोन पडदे सांभाळतं, त्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे.

पीसीवर सोनीने याची पंगू आवृत्ती दिली आहे. मधला भाग कायम तीक्ष्ण ठेवायचा आणि कडा ढोबळ. तुम्ही मान न वळवता नुसते डोळे कोपऱ्याकडे फिरवले की ढोबळपणा दिसतो. तो नको असेल तर सगळं चित्र पूर्ण ताकदीने रंगवा, म्हणजे तगडं कार्ड घ्या. नजरेचा माग बंद असण्याचा भुर्दंड सगळ्यात जास्त मध्यम बजेटच्या पीसीला बसतो, आणि जुना हेडसेट स्वस्तात मिळवून पीसीला जोडू पाहणारा माणूस नेमका त्याच गटातला असतो. दुसरं नुकसान माणसांमधलं. ‘व्हीआरचॅट’सारख्या ठिकाणी नजरेचा माग असेल तर तुमच्या पात्राचे डोळे तुमच्यासारखे हलतात. समोरचा आपल्याकडे बघतोय हे कळलं की गप्पांचा पोतच बदलतो.

मग हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं का? २०२५ मध्ये काही स्वतंत्र प्रोग्रामरांनी ‘पीएसव्हीआर२ टूलकिट’ हे मुक्त सॉफ्टवेअर काढलं. त्याने पीसीवर नजरेचा माग आणि ट्रिगरचा ताण, दोन्ही सुरू करून दाखवलं, तेही कुठलीही अधिकृत कागदपत्रं हाताशी नसताना. त्यामुळे तांत्रिक अडचणीचा मुद्दा टिकत नाही.

सोनीच्या बाजूने दोन मुद्दे मांडता येतात आणि ते हलके नाहीत. पहिला खासगीपणाचा. माणूस कुठे, किती वेळ बघतो ही माहिती फार नाजूक आहे. कन्सोलवर कोणता गेम ती वाचणार यावर सोनीचं नियंत्रण असतं, पीसीवर नसतं. पण याला उत्तर आहे: फोन जशी कॅमेऱ्याची परवानगी विचारतो तशी इथेही विचारावी. दुसरा धंद्याचा. कन्सोल कंपनीची खरी कमाई तिच्या दुकानातल्या गेम्सवर होते. स्टीमवर घेतलेल्या गेमचा वाटा व्हॉल्व्हला जातो, सोनीला नाही. अशा ग्राहकासाठी ड्रायव्हर लिहायचा, तो वर्षानुवर्षं सांभाळायचा आणि तक्रारी झेलायच्या, हा निव्वळ खर्च. हे मान्य. पण हेडसेटची किंमत घेताना कॅमेऱ्यांची किंमतही घेतलेलीच होती.

या बाबतीत सोनीचा इतिहासही आहे. प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स चालवता येत असे. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला होता. एप्रिल २०१० मध्ये सोनीने सुरक्षेचं कारण देत एका अपडेटने ती सोय काढून टाकली, आणि अपडेट नाकारणाऱ्याचं ऑनलाइन खेळणं बंद झालं. प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी तडजोड झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट आला. अ‍ॅडाफ्रूट या छोट्या कंपनीने त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने आधी डोळे वटारले, पण ड्रायव्हर काही दिवसांतच तयार झाला, आणि २०११ मध्ये कंपनीने स्वतःच विंडोजसाठी अधिकृत साधनं दिली. खेळणं म्हणून आलेला तो कॅमेरा पुढे रोबॉटिक्सच्या प्रयोगशाळांत आणि कलादालनांत वर्षानुवर्षं वापरला गेला.

व्हीआर२ साठी मागणी एवढीच आहे, आणि ती प्रोग्रामरला रोजच्या कामातली वाटेल अशी आहे. सोनीने नवा ड्रायव्हर लिहायलाच हवा असं नाही. कॅमेरे, मोटर आणि ट्रिगर यांच्याशी कसं बोलायचं याचं दस्तऐवजीकरण प्रसिद्ध करावं, हमी देणार नाही असं वर ठळक लिहावं, आणि बाजूला व्हावं. मार्च २०२५ मध्ये हेडसेटची किंमत ३९९.९९ डॉलरवर आली. वापरलेले हेडसेट हळूहळू दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातील. आज पीसीवर तो चालवायला स्टीमवरचं सोनीचंच अ‍ॅप लागतं. उद्या विंडोज बदललं आणि ते अ‍ॅप कुणी सांभाळलं नाही, तर धडधाकट ओलेड पडदे आणि डोळे टिपणारे चांगले कॅमेरे ई-कचऱ्यात जातील. तेव्हा ते दुरुस्त करू शकणारी माणसं आजही आहेत. त्यांना फक्त ती कागदपत्रं हवी आहेत.